मुलांचं बोलणं सोडून

सिनेमातली मोठी माणसं काय बोलतात ते सगळं काका सांगायचे. मुलं काय बोलतात ते कधीच सांगायचे नाहीत. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण त्यांच्याबद्दल काहीही सांगायला घेतलं तरी मी या एका खोडीपाशीच येऊन थांबते.

दर रविवारी दुपारी चारला नाशिकरोडला त्यांच्या घरी सिनेमा असायचा. जेल रोडच्या आतल्या बाजूची जुनी सोसायटी, तळमजला, पुढची खोली. सिनेमा इराणीच, आणि त्यातही ज्यात लहान मूल आहे असाच. खिडक्यांवर सतरंज्या टांगलेल्या. समोरची भिंत पांढरी, फक्त खालचा हातभर पट्टा काळ्या रंगाने रंगवलेला. सिनेमाखाली येणारी इंग्रजी अक्षरं बरोबर त्या पट्ट्यावर पडायची आणि दिसेनाशी व्हायची. हे मुद्दाम केलेलं. "वाचायला लागलं की माणूस तोंडाकडं बघायचं सोडतो," असं त्यांचं म्हणणं.

मग ते स्वतः भिंतीच्या कडेला स्टूल टाकून बसायचे. मांडीवर लॅपटॉप, त्याचीच वायर प्रोजेक्टरला गेलेली. लॅपटॉपवर इंग्रजी वाचायचं आणि मोठ्याने मराठीत सांगायचं. बाप, दुकानदार, मास्तर, आजी, पोलीस, सगळ्यांना एकच आवाज, आणि तो आवाज स्टेशनवरच्या सूचनेसारखा कोरडा. "दुकानदार म्हणतो, आज नाही, उद्या ये. आजी म्हणते, तुझा बाप पण असाच होता." पडद्यावरचं पोरगं तोंड उघडायच्या बेतात आलं की हे गप्प. खोलीत नुसती फारसी. पोरगं बोलून झालं की हे पुन्हा सुरू.

"काका, ती मुलगी काय म्हणाली?" नवीन आलेलं माणूस हमखास विचारायचं.

"कळलं नाही?"

"नाही."

"मग बघत नव्हतास."

संपला विषय.

त्या फ्लॅटला आता कुलूप आहे. पुतण्या त्यांना जळगावला घेऊन गेला. तिथं त्यांना वेगळी खोली आहे, खोलीत टीव्ही आहे, असं पुतण्या फोनवर सांगतो. मी संघटनेची पत्रकं वाटत अजून त्या रस्त्याने जाते आणि रविवारी चारला त्या खिडकीवर सतरंजी नाही हे बघून मला राग येतो. कुणाचा, ते ठरत नाही. माझ्या कामात असं चालत नाही. आमच्याकडं राग कुणाचा ते पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात लिहावं लागतं.

ते प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की नोटांची, वेगळं सांगावं लागत नाही. छापलेले ताव डोळ्यांखालून घालायचे आणि शाई पसरलेला, रेघ तुटलेला ताव बाजूला काढायचा, हे त्यांनी नोकरीभर केलं. "मधे सगळेच बघतात," ते म्हणायचे. "चूक मधे नसते. कडेला बघायचं." सिनेमाही ते तसाच बघायचे. एकदा पडद्यावर नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. हे भराभरा सांगतायत, नवरा म्हणतो, बायको म्हणते, आणि मधेच त्यांच्या टॉर्चचा ठिपका भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबला. तिथं दाराआड एक पोरगा उभा होता. स्वेटरचं बटण चुकीच्या काजात घालत होता, काढत होता, परत चुकीच्याच काजात घालत होता. भांडण संपेपर्यंत.

"भांडण ऐकायला आहे," ते म्हणाले. "सिनेमा तिकडं चाललाय."

मध्ये चहा. कोरा, पितळी पेल्यात, आणि दातात धरायला खडीसाखर. तिकडं इराणात म्हणे साखरेचा खडा दातात धरून त्यावरून चहा पितात. यांना तसा खडा मिळेना, म्हणून पंचवटीतल्या प्रसादाच्या दुकानातून खडीसाखर आणायचे. प्रेक्षकांत एक निवृत्त हवालदार असायचे, देवळाली कॅम्पातून बसने येणारे. ते दर रविवारी तेच म्हणायचे, "अहो, दात असतील तर धरू ना."

हवालदार तोफखान्यातले. तोफांनी दोन्ही कान नेलेले. म्हणजे काकांचं सांगणं त्यांना ऐकूच यायचं नाही, तरी ते पहिल्या खुर्चीवर आणि कधी चुकायचे नाहीत. मधेच ओरडायचे, "आवाज वाढवा थोडा." आवाज पूर्ण वाढवलेलाच असायचा. दुसऱ्या, समोरच्या दारातल्या मावशी. त्या परातीत लसूण घेऊन यायच्या आणि अंधारात सोलत बसायच्या. तिसरी मी. अधूनमधून एखादा कॉलेजचा मुलगा यायचा, दाढीवाला, परदेशी सिनेमा म्हणून. मुलांचं बोलणं सांगत नाहीत म्हटल्यावर तो चहानंतर परत दिसायचा नाही.

खुर्च्या मोजक्याच. एक बुटकी खुर्ची मात्र स्टुलाला अगदी लागून असायची, तिच्यावर चिंध्या भरून शिवलेली गादी. पहिल्या रविवारी मी सरळ तिच्यावर जाऊन बसले.

"ती नको," ते म्हणाले.

"मोडकी आहे का?"

"नाही. ती नको."

मी जमिनीवर बसले. आम्हाला जमिनीवर बसायची सवय असते.

त्यांच्याकडं मी सिनेमासाठी गेलेच नव्हते. प्रोजेक्टर मागायला गेले होते. द्राक्षांचा हंगाम सुरू होता. पेठ-सुरगाण्याकडची माणसं पिंपळगाव बसवंतच्या बाजूला तोडणीला, पॅकिंगला उतरलेली, आणि त्यांची पोरं शाळा सोडून शेडमध्ये क्रेटांत कागद अंथरत बसलेली. आमची मागणी साधी होती. हंगाम असेपर्यंत शेडजवळ शाळा भरवा. आम्ही यावर एक माहितीपट केला होता, तो शेडमध्ये दाखवायचा, मग भाषण, मग सह्या. कुणीतरी सांगितलं, जेल रोडला एक म्हातारा आहे, प्रोजेक्टर देतो, भाडं घेत नाही, फक्त डोकं खातो.

"प्रोजेक्टर मिळेल," ते म्हणाले. "माझ्यासकट मिळेल."

"चालेल."

"तुमचा पिक्चर कुणाला दाखवणार?"

"पालकांना."

"पोरं कुठं असतील तेव्हा?"

"असतील तिथंच."

"मग पोरांचा पिक्चर लावू. तुमचा नंतर, वेळ उरला तर." मग त्यांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाले, "यात मूल कुठंय?"

"सगळं मुलांवरच आहे, काका."

"बालमजूर आहे. शाळाबाह्य आहे. स्थलांतरित आहे. मूल कुठंय?"

मला असल्या बोलण्याची चीड आहे. पोटभर जेवून संवेदनशील होणाऱ्या माणसांनी आम्हाला भाषा शिकवायची, हे मी खूप ऐकून घेतलंय. मी तोंडावर सांगितलं की तुमच्या गोड गोड सिनेमात पोरगं गरीब का आहे ते कुणी सांगत नाही. गरिबी सुंदर दिसते, बघणारा डोळे पुसतो, आणि घरी जाऊन मोलकरणीची पोर भांडी घासते ती त्याला दिसत नाही.

ते रागावले नाहीत. "ये रविवारी," म्हणाले. "बघून भांड."

म्हणून मी जायला लागले. भांडायला. आणि भांडलेही. कॅमेरा पोराच्या खांद्याएवढ्या उंचीवर का ठेवतात, मोठ्या माणसांचे नुसते पायच का दिसतात, पोराचं काम एवढंसं असतं आणि सिनेमा त्याला राज्यकारभार असल्यासारखा का वागवतो. ते म्हणायचे, "पोराला विचार ते एवढंसं आहे का." मी घरी जाताना बसमध्ये उत्तर तयार करायचे, ते पुढच्या रविवारी उपयोगी पडायचं नाही.

आता पिंपळगावचं सांगते.

तिथं त्यांनी निखाऱ्यांचा सिनेमा लावला. खरं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही, ते त्याला निखाऱ्यांचा म्हणत. डोंगरातलं गाव, बर्फ. घरातली चूल विझलेली, आई तापाने पडलेली. एक लहान मुलगी पत्र्याचा डबा घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला आत्याकडं निखारे आणायला जाते. येताना वारा. प्रत्येक वळणावर कुणीतरी मोठं माणूस तिला थांबवतं. एकाला निरोप द्यायचाय, एकाला शेळी धरून हवीय, एक उगाच चौकशा करतो. ती उभी राहते, ऐकून घेते आणि डब्यात फुंकर घालत राहते. बस, एवढंच. घरी पोचते तेव्हा आई अंथरुणातून विचारते, एवढा वेळ कुठं होतीस, आणि मुलगी काहीतरी उत्तर देते. काय, ते अर्थातच हे सांगत नसत. डब्यात निखारा उरलाय की नुसती राख, तेही सिनेमा दाखवत नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी म्हटलं होतं, हा काय शेवट झाला? जबाबदार कोण?

शेडमध्ये क्रेटांच्या थप्प्यांना चादर बांधली, खाली काळं प्लास्टिक लावलं. पोरं पुढं, बाया मागं, पुरुष दारात बिड्या ओढत. हे स्टुलावर. "आत्या म्हणते, डबा कपड्यात गुंडाळ. म्हातारा म्हणतो, थांब, कुणाची तू?" मुलगी बोलली की गप्प.

मी वाट बघत होते, आता कुणीतरी विचारेल, काय म्हणाली. कुणी विचारलं नाही. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. पडद्यावर त्या पोरीने फारसीत काहीतरी म्हटलं, आणि ही बाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला सोडा म्हणते वो. निखारा इझंल ना."

पुढं बसलेली पोरं तर फुंकर मारत होती. खरोखर. डबा तिकडं, आणि ही इकडं गाल फुगवून.

सिनेमा संपला, मी भाषणाला उठले. यांनी माझ्या कागदावर हात ठेवला.

"नको."

"दोन मिनिटं, काका. याच्यासाठीच आलोय आपण."

"ती पोरं अजून फुंकर मारतायत. आत्ता तू बंधू-भगिनींनो म्हणू नकोस."

सह्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन घेतल्या, त्या मिळाल्या. शाळा मिळाली नाही. शिक्षण खात्यातले साहेब म्हणाले, प्रस्ताव पुढच्या हंगामात वेळेत पाठवा. पुढच्या हंगामात साहेब दुसरे असतील आणि त्या पोरांचं एक वर्ष शाळेबाहेर गेलेलं असेल, हे साहेबांना माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं. प्रस्ताव वेळेतच होता, हे मी इथं पुन्हा नोंदवते.

पण त्या बाईचं वाक्य डोक्यातून जाईना. मी बसून एक पत्रक लिहिलं. शीर्षक दिलं, 'मुलांच्या तोंडी आपली वाक्यं घालू नका'. त्यात या गृहस्थांचं उदाहरण दिलं, नाव न घालता. एक ज्येष्ठ नागरिक तत्त्व म्हणून सिनेमातल्या मुलांच्या बोलण्याचा अनुवाद करत नाहीत, कारण मोठ्यांची भाषा समजावून सांगावी लागते, मुलाची समजून घ्यावी लागते. मला ते पत्रक फार आवडलं होतं. संघटनेतही आवडलं. पहिली छपाई हातोहात गेली.

त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते डोळ्याजवळ नेलं, मग लांब धरलं, मग मान वाकडी करून बाजूने बघितलं. मला वाटलं, जुनी सवय, तावाची कड बघतायत.

"डावीकडं तिरकं कापलंय," ते म्हणाले.

"मजकूर कसाय?"

"लिहिलंय बरं. खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"तत्त्व," असं म्हणून ते चहा टाकायला आत गेले.

मी तशीच समोरच्या दारात गेले. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तत्त्व कसलं गं डोंबलाचं? भाऊ मोठ्यांचं सांगायचे आणि वहिनी पोरांचं सांगायच्या."

"कोण वहिनी?"

"त्यांची बायको. शाळेचे गणवेश शिवायची ती. जूनच्या आधी तर पोरांची रांग लागायची त्या खोलीत, मापं द्यायला. स्वतःला मूल नाही झालं. पण पोरगं दारात उभं राहिलं की सांगायची, याला शाळेत जायचं नाहीये, याला नवी चड्डी नको मोठ्या भावाचीच हवीय. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं ना, म्हणून तर भाऊंनी हे वाचून दाखवायचं काढलं. तर ती म्हणाली, मोठ्यांचं तुम्ही सांगा, पोरांचं मी सांगते."

"इंग्रजी येत नसताना?"

"तोंड बघून सांगायची. भाऊ म्हणायचे, अगं तसं नाहीये लिहिलेलं. ती म्हणायची, लिहिणाऱ्याला काय कळतं." मावशी हसल्या आणि हातातला टॉवेल परत झटकून परत घडी घालायला लागल्या. "ती गेल्यावर महिनाभराने भाऊंनी सतरंज्या लावल्या, आम्हाला बोलावलं. मोठ्यांचं सांगितलं. पोराचं बोलणं आलं तर त्या बुटक्या खुर्चीकडं बघत बसले. पुढं पुन्हा कुणीतरी मोठं बोललं, ते सांगितलं. तेव्हापासून हे असं. आम्ही कुणी काही म्हटलं नाही. तू एकटीच निघालीस ज्ञान घेऊन."

पत्रकाची दुसरी छपाई मी थांबवली. संघटनेत कारण विचारलं, मी म्हटलं, माहिती अपुरी होती.

मग एका रविवारी गोंधळ झाला. पडद्यावर एक गाढव एकटंच उतरणीवरून चाललं होतं आणि यांनी सांगितलं, "मामा म्हणतो, सावकाश जा." मी आधी हसले. हवालदार शांत होते, त्यांना काय. पण मावशींच्या परातीतली लसणाची कुरकुर थांबली. पुढं तो मामा पडद्यावर आला, खरंच काहीतरी बोलला, आणि तेव्हा हे गप्प होते.

ते वाचत नव्हते. पाठ म्हणत होते. किती दिवसांपासून, कोण जाणे. सिनेमे पुन्हा पुन्हा बघून शब्दन् शब्द डोक्यात बसलेला, फक्त या वेळी जागा चुकली.

चहाच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितलं. "डोळ्यांचं मधलं गेलं. डॉक्टर म्हणतो, परत येत नाही. कडेचं दिसतं." खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "प्रेसमध्ये असतो तर बढती मिळाली असती."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"पुढच्या रविवारपासून बंद," ते म्हणाले. "प्रोजेक्टर तू ने. शेडमध्ये लावत जा."

"मी सांगते ना मोठ्यांचं," मी म्हटलं. "मला वाचता येतं."

"तू ओरडतेस."

"हळू सांगेन."

"मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही."

"मग रविवारी काय करणार तुम्ही?"

"बसेन."

एवढंच म्हणाले. बसेन. मी त्यांच्या घरात इतक्या वेळा गेले होते, पण आठवड्यात दुसरं कुणी येतं का, हे कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ओट्यावर एक कप पालथा असायचा. चपलांच्या स्टँडवर रविवार सोडून एकच जोड. हवालदारांच्या कानात मावशींनी ओरडून सांगितलं, "बंद करतायत, बंद." हवालदार म्हणाले, "का? मला तर सगळं नीट कळतंय."

आठवडाभर मी चिडलेली होते. डोळ्यांवर चिडून उपयोग नसतो, डोळ्यांना निवेदन देता येत नाही. म्हाताऱ्यावर मात्र चिडता येतं. एक माणूस स्वतःहून स्वतःला कुलूप लावून घेतो आणि आपण प्रोजेक्टर पिशवीत घालून घरी जायचं? हे मला मान्य नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मावशींना आणि हवालदारांना घेऊन साडेतीनलाच पोचले. दार त्यांनी उघडलं. सतरंज्या लावलेल्या नव्हत्या, प्रोजेक्टर वायर गुंडाळून पिशवीत तयार ठेवला होता. "घेऊन जा," म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले. मी सतरंज्या लावल्या. मावशींनी प्रोजेक्टर काढून जागेवर ठेवला. हवालदार पहिल्या खुर्चीवर. दुसऱ्या खुर्चीवर मावशी, तिसरीवर मावशींची परात. मी लॅपटॉप घेऊन स्टुलावर बसले.

ते पेले घेऊन बाहेर आले तेव्हा खोलीत अंधार होता. पण कोण कुठं बसलंय ते त्यांना कडेने दिसत असणार, कारण ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ऊठ."

"नाही उठत. धरणं आहे."

"कशासाठी?"

"सिनेमा चालू ठेवा."

"काय म्हणतेय ती?" हवालदारांनी विचारलं.

"धरणं धरलंय," मावशी त्यांच्या कानात ओरडल्या.

"मग घोषणा कुठायत?"

ते तसेच उभे राहिले, हातात ताट. त्यांना बसायला जागा नव्हती. म्हणजे एक होती. परात उचलावी म्हणून मी मावशींकडं बघितलं, तर मावशी भिंतीकडं बघत होत्या. मग काकांनी ताट जमिनीवर ठेवलं, हाताने चाचपून गादी सरळ केली आणि त्या बुटक्या खुर्चीवर बसले. त्यांचं डोकं माझ्या कोपरापाशी आलं.

"कुठला लावतेस?"

"निखाऱ्यांचा."

मी सुरू केला.

"आई म्हणते, आत्याकडं जा आणि..."

"हळू," खालून आवाज आला. "आई आजारी आहे. मोर्चात नाहीये."

मी आवाज खाली आणला. आत्या म्हणते, डबा कपड्यात गुंडाळ. म्हातारा म्हणतो, थांब, कुणाची तू? मुलगी बोलली, मी गप्प राहिले. तिचं बोलणं आता माझ्यासमोर लॅपटॉपवर इंग्रजीत लिहिलेलं होतं. इतके रविवार जे कुणी सांगितलं नव्हतं ते मला वाचता येत होतं. मी वाचलं आणि तोंड मिटून ठेवलं. तेवढं मला कळत होतं. खोलीत नुसती फारसी. खुर्चीवरून एकदा घसा खाकरल्याचा आवाज आला, पुढं काही नाही. बाई म्हणते, शेळी धर जरा. मुलगी बोलली. काही नाही. वारा सुटला, डब्यातून ठिणग्या उडाल्या, ती वाकून वाकून फुंकर घालत होती, आणि मी सांगायच्या नादात हेही विसरले की शेवट जवळ आलाय.

मुलीने दार ढकललं. डबा जमिनीवर ठेवला.

"आई म्हणते, एवढा वेळ कुठं होतीस?"

लॅपटॉपवर मुलीचं उत्तर आलं. वारा फार होता, असं काहीतरी साधंच होतं. मी गप्प. मुलीचे ओठ हलले.

"आले ना मी आता," खालून आवाज आला.

त्यांचाच आवाज, तसाच कोरडा. पण 'मुलगी म्हणते' असं नव्हतं म्हटलेलं. मावशींचा हात परातीत थांबला. मला काय करावं ते समजेना, आणि समजेनासं झालं की मी जे खरं असेल ते बोलून टाकते.

"काका, तसं नाहीये लिहिलेलं."

"लिहिणाऱ्याला काय कळतं," ते म्हणाले.

पडद्यावर आईने पुन्हा तोंड उघडलं होतं, आणि मोठ्यांचं सांगायचं काम माझं होतं.

"आई म्हणते, दार लाव आणि इकडं ये."